करडईच्या तेलात थिजलेला घोडा

आजींनी गाठोडं सोडलं. आधी जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा निघाला, त्याच्या आत तेलकट फडकं, आणि फडक्यात हळदीकुंकवानं माखलेलं एक पिस्तुल. गाव आमच्या चाकूर तालुक्यातलंच. खंडेनवमी होऊन चारच दिवस झाले होते.

“दरसाली पुजतो, तेल लावतो, परत ठिवून देतो,” आजी म्हणाल्या. “आता घरात लेकरं हाईत. कुनाच्या हाताला लागलं मंजी? मास्तर, तुमीच बगा काय करायचं ते.”

मी लगेच हात लावला नाही. विचारलं, “आजी, बार भरलेला हाय का ह्याच्यात?”

“माज्या सासऱ्याच्या हयातीत कुनी उडवलं न्हाई.”

या उत्तरानं माझी भीती वाढली. ठासणीचं हत्यार तोंडाकडून भरतात. नळीत दारू, तिच्यावर गोळी, गोळीवर बोळा, आणि मग गजानं ठासायचं. एकदा भरलं की रिकामं करायची सोपी वाट एकच, ते उडवणं. त्यामुळं कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं पिस्तुल पिढ्यान् पिढ्या भरलेलंच राहतं, आणि काळी दारू कोरडी असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. मी खराट्याची एक लांब काडी मागितली. पिस्तुलाचं तोंड गोठ्याच्या रिकाम्या भिंतीकडं केलं, पोरांना माडीवर पाठवलं आणि काडी हळूच नळीत सोडली. ती टेकली तिथं तोंडापाशी नखानं खूण केली, बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून लावून पाहिली. रिकाम्या नळीत ती कानाच्या, म्हणजे पेटवायची दारू ठेवायच्या बाहेरच्या वाटीच्या, भोकापर्यंत पोचायला हवी होती. चांगली दोन इंच कमी पडली.

पिस्तुल भरलेलं होतं. या घरात दर नवमीला त्याच्यासमोर निरांजन ओवाळत होते.

मी लोहाराचा मुलगा. चाकुरात वडिलांचा भाता होता. विळे, खुरपी, नांगराचे फाळ, बैलगाडीच्या चाकाच्या धावा, यांत माझं लहानपण गेलं. पुढं फिटर ट्रेड केला, एका आयटीआयमध्ये निदेशक झालो आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना कानस धरायला शिकवत राहिलो. जुन्या पिस्तुलांकडं मी इतिहासाच्या ओढीनं गेलेलो नाही. मला त्यांच्या कमानी आवडल्या. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी भट्टीच्या उजेडात, तापमापक नसताना, नुसत्या रंगावरून पोलादाला पाणी दिलं आणि ती कमान आजही वाकवली की उसळून परत येते. हे काम किती अवघड असतं ते मी आयुष्यभर पोरांच्या हातून मोडलेल्या कमानी बघून शिकलोय.

त्याच्याही आधीची एक आठवण आहे. आजोबांकडं चिलमीसाठी चकमक होती. पोलादाचा वाकडा तुकडा, सावरीचा कापूस आणि शेतातली गारगोटी. आमच्या काळ्या खडकाच्या मुलखात गारगोट्या नांगराच्या फाळाला लागतातच. मला वाटायचं ठिणगी दगडातून निघते. वडिलांनी ऐरणीपाशी बसवून दाखवलं की दगड पोलादाचा बारीक कीस ओरबाडतो आणि तो कीस हवेत जळतो. ठिणगी पोलादाची असते. इंग्रजांच्या ज्या पिस्तुलांविषयी मी लिहितोय, त्यांचं सगळं यंत्र एवढ्यावर उभं आहे. घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळलेली गारगोटी असते. चाप ओढला की घोडा पुढं झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी झडपेवर घासते, झडप पुढं उलटून कान उघडा होतो, ठिणग्या कानातल्या रंजकावर पडतात आणि आग बारीक भोकातून नळीत शिरते. आपल्या जुन्या मराठीत अशा बंदुकीला पथरकला म्हणत. जळता तोडा लावून उडवायच्या बंदुकीपेक्षा हे मोठं पुढचं पाऊल होतं, विशेषतः स्वारासाठी. एका हातात लगाम असताना जळता तोडा सांभाळणं फार कठीण.

माझ्याकडं आज चार पिस्तुलं आहेत. त्याखेरीज घोडा बसवायच्या अकरा लोखंडी पट्ट्या, काही पितळी मुठीच्या टोप्या, दोन गज आणि एक फुंकणी. फुंकणीची हकीगत सांगण्यासारखी आहे. एका घरी चहा घेत बसलो होतो आणि घरातल्या वहिनी चुलीपाशी जाड नळीनं फुंकत होत्या. नळीच्या एका तोंडाला आतून आटे दिसले. फुंकणीला आटे कशाला? हातात घेतली, राख पुसली. आट्यांच्या बाजूला दोन शिक्के होते, मुकुट आणि त्याखाली एकमेकांवर फुली मारलेले राजदंड. इंग्रज सरकारी शस्त्रखात्यानं नळीत जादा दारू भरून ती उडवून पाहिली आणि ती फुटली नाही, याची ती खूण. मागची खिळी उपसून काढलेली बंदुकीची कापलेली नळी होती ती. बाजारातून नवी फुंकणी आणून दिली तेव्हा वहिनींनी ती मला दिली. पण जुनीनं जाळ चांगला धरतो, असं त्यांनी निघताना ऐकवलंच.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला अजून जड जातं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही चाकूरचे, आमच्याकडं भिंतींना तडे गेले. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं पडली. दगडमातीची जाड धाब्याची घरं माणसांवर कोसळली. मी तेव्हा नवा निदेशक होतो. पोरांना घेऊन पत्रे ठोकायला, कैच्या बसवायला गेलो. कित्येक आठवडे तेच काम केलं. पुढं ढिगारे उपसले गेले तेव्हा त्यातलं लोखंड भंगारात येऊ लागलं. लातुरात एका भंगाराच्या दुकानी मी पत्र्याचे तुकडे घ्यायला गेलो होतो. कढया, बिजागऱ्या, खलबत्ते यांच्या ढिगात एक मूठ नसलेलं पिस्तुल पडलेलं होतं. दुकानदाराला विचारलं, कुठलं? “किल्लारीकडचा माल हाय,” एवढंच. किलोच्या भावानं मी ते घेतलं.

त्या रात्री मी ते चकाचक केलं. पॉलिश पेपर लावला, आधी जाड, मग बारीक. गंज गेला, काळपटपणा गेला, पट्टी आरशासारखी झाली. फिटरच्या हाताला तेच वळण असतं. पट्टीवर काहीतरी कोरलेलं होतं हे मला पहिल्या घासण्यातच दिसलं होतं, पण ते गंजाचं नक्षीकाम समजून मी पुढं घासत गेलो. सकाळी उजेडात पाहिलं तर मुकुटाचं एक टोक आणि एका अक्षराची कमान राहिली होती. बाकी सगळं मी खाऊन टाकलं होतं.

ते पिस्तुल कुठलं, कुणाच्या घरचं, त्या घरातलं कोण वाचलं, हे मी त्या दुकानात दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. गाडी कोणत्या गावाहून आली एवढं तरी तिथं कळलं असतं. आठवड्यानं परत गेलो तेव्हा माल हलला होता आणि कुणालाच काही आठवत नव्हतं. माझ्या वहीत पहिल्या क्रमांकाला ते पिस्तुल आहे. गाव या रकान्यात रेघ आहे. ती रेघ मी अजून तशीच ठेवलीय.

वही तेव्हापासून सुरू झाली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, मिळाल्याची तारीख, गाव, घर, कोणी दिलं, घरात त्याविषयी काय सांगतात, आणि मग मोजमापं. मोजमापं शेवटी. व्हर्निअर हातात असला की आधी मोजावंसं वाटतं, म्हणून मी स्वतःला हा क्रम लावून घेतलाय.

खुणा वाचायला मी हळूहळू शिकलो. आमच्या गावाला सीमा सुरक्षा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. दलातून निवृत्त होऊन इकडंच घर केलेल्या एका आर्मररनं मला बरंच शिकवलं. त्यांचं आयुष्य आजच्या रायफलींत गेलं, पण हत्याराला हात कसा लावायचा हे सगळीकडं सारखंच. पुस्तकं पुण्याहून आणि हैदराबादहून मागवली. सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रांच्या दालनात मी काचेला नाक लावून तासन् तास उभा राहिलोय.

इंग्रजांचं सरकारी पिस्तुल असेल तर पट्टीवर घोड्याच्या पुढं मुकुट आणि ‘जी आर’ ही राजाची अक्षरं असतात, घोड्याच्या मागं ‘टॉवर’ असं कोरलेलं. लंडनच्या टॉवर किल्ल्यात त्यांचं शस्त्रागार होतं. सुटे भाग कंत्राटदारांकडून करून घ्यायचे, तिथं तपासायचे, मग जोडायचे. आधी पट्टीवर कारागिराचं नाव आणि सालही असे. १७६४ नंतर ते बंद झालं. म्हणून ‘टॉवर’च्या शेजारी १७९० असं साल दिसलं तर खिशात हात घालण्याआधी थांबावं. ईस्ट इंडिया कंपनीचा माल मात्र वेगळा. ती व्यापारी कंपनी, स्वतःची हत्यारं स्वतः मागवायची. तिच्या जुन्या पट्ट्यांवर बदामासारखी खूण असते, आत चार अक्षरं, वर चाराच्या आकड्यासारखं चिन्ह. तीच खूण कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवर असायची. आणि कंपनीच्या पट्ट्यांवर सालही सापडतं. १८०८ पासून बदाम गेला आणि सिंह आला, मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंज्यांत मुकुट धरलेला.

आकारावरूनही कळतं. घोडदळाच्या जुन्या पिस्तुलांची नळी १२ इंचांची असे. पुढं हलक्या घोडदळासाठी ती ९ इंचांवर आणली, तोंडाचा व्यास ०.६५ इंच ठेवला, म्हणजे स्वाराच्या आखूड बंदुकीचाच. एका पौंड शिशात २० गोळ्या व्हायच्या आणि त्या दोन्ही हत्यारांत चालायच्या. नंतरच्या पिस्तुलांत गज नळीच्या तोंडाला बिजागरीनं अडकवलेला असतो. घोड्यावर बसून भरताना तो हातातून निसटून पडू नये यासाठी केलेली ती सोय पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी वर्गात नेऊन पोरांना दाखवली. असा साधा विचार करणाऱ्या माणसाला मी मानतो.

१८४० च्या आसपास इंग्रजांनी गारगोटी सोडली आणि टोपीची, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची, बंदूक घेतली. मग कित्येक जुनी पिस्तुलं बदलून घेतली गेली. कान आणि झडप काढायची, त्यांच्या स्क्रूंची भोकं बुजवायची, टोपी बसवायचं निपल जोडायचं. आज गारगोटीच्या पिस्तुलाला किंमत जास्त येते म्हणून काही विक्रेते उलटा उद्योग करतात, नवा कान, नवी झडप लावून पुन्हा गारगोटीचं करतात. बुजवलेल्या भोकाचा रंग शेजारच्या लोखंडाशी कधीच पूर्ण जुळत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पट्टी फिरवावी, गोल डाग दिसतो.

मीही एकदा फसलो. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून मी एक महिन्याचा पगार देऊन ‘टॉवर’ लिहिलेलं पिस्तुल आणलं होतं. मूठ जुनी दिसत होती, पितळ काळवंडलेलं होतं. घरी आल्यावर घोड्याचा स्क्रू काढला आणि सवयीनं पिच गेज लावला. आटे बरोबर बसले, ०.८ मिलिमीटर. मेट्रिक आटे. खऱ्या जुन्या पिस्तुलातला प्रत्येक स्क्रू हातानं केलेला असतो, एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागत नाही, आणि कोणता स्क्रू कोणत्या भोकाचा हे कळावं म्हणून कारागिरानं कानशीनं बारीक रेघा मारलेल्या असतात. त्या दिवशी पत्नी काही बोलली नाही, पण मुलीच्या शाळेची फी त्या महिन्यात सोसायटीतून कर्ज काढून भरली. ते पिस्तुल मी ठेवलं आहे आणि नव्यानं गोळा करणाऱ्यांच्या हाती आधी तेच देतो.

इंग्रजांचं पिस्तुल चाकुराकडं आलं कसं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, कारण हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. उदगीर इथून जवळ. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथं हरवलं, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण त्या लढाईतल्या बंदुका बहुतेक तोड्याच्या. इंग्रजी माल पुढं १७९८ नंतर वाढला. त्या साली निजामानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचं त्याचं सैन्य मोडलं गेलं. मग हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पलटणी उभ्या केल्या. याच फौजेनं १८१९ च्या जानेवारीत हदगावकडच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. गढीत नोवसाजी नाईक आणि त्यांचे हटकर लोक होते. त्या पलटणींच्या निशाणांवर पुढं ‘नोव्हा’ हे नाव लढाईचा मान म्हणून लिहिलं गेलं. गढीतल्या माणसांची नावं मात्र गावातल्या तोंडी गोष्टींत राहिली.

ही फौज पुढं १८५३ च्या करारानं हैदराबाद कंटिंजंट झाली. हिंगोलीला तिची छावणी होती, आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, घोडदळाची. पिस्तुल हे मुख्यतः घोडदळाचं हत्यार. खोगिराच्या पुढं कातडी म्यानात ते लटकलेलं असायचं. या घोडदळात शिलेदारी पद्धत होती. घोडा आणि बरंचसं सामान स्वाराचं स्वतःचं. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळून गेलं, पण त्याआधीच्या ऐंशी-नव्वद वर्षांत पेन्शन घेऊन गावी परतलेल्या स्वारांबरोबर काय काय घरी आलं असेल, याचा विचार केला की मला वाटतं, आपल्या माळ्यांवर अजून बरंच काही आहे.

माळ्यावरचं खाली येत नाही, कारण लोक घाबरतात. हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, सप्टेंबर १९४८ मध्ये आणि त्यानंतर, कित्येकांनी घरातल्या बंदुका विहिरीत टाकल्या असं म्हातारी माणसं सांगतात. ती भीती घरात उतरत आलीय. कायदा काय म्हणतो ते म्हणून सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या ४५व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण एका अटीवर. ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. “दुरुस्त करून” हे शब्द मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवायचो. थोडी कमान बदलली की चालेल असं पिस्तुल त्या सुटीत बसत नाही. माझ्यासारख्याचे हात सतत शिवशिवतात, पण मी बंद पडलेला घोडा कधी चालू केलेला नाही. कुठलीही वस्तू हाती आली की आधी पोलिसांना लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दर वेळी नव्यानं विचारायचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागू होतो. त्यानं ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशातल्या खरेदीदाराचं नाव घेऊन कुणी दारात आलं तर त्याला सरळ वाटेला लावावं.

आजींचं पिस्तुल त्या दिवशी मी त्यांच्याच घरी ठेवलं. कानाच्या भोकात पाणी सोडलं, तोंडातून पाणी भरलं आणि ते पाण्याच्या बादलीत उभं करून गोठ्यात बंद केलं. लोखंडाला पाणी घालताना माझा जीव तुटत होता, पण भिजलेली दारू मेलेली असते. दुसऱ्या दिवशी पोलिसांना कळवलं, आर्मररना घेऊन आलो. त्यांनी पेचाचा गज नळीत फिरवून आधी बोळा काढला. अंबाडीचा होता, आपल्याच शेतातल्या अंबाडीचा, पिवळट तंतू अजून धड होते. मग गोळी. मग काळा चिखल. तो त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि मान हलवली. आजी उंबऱ्यात उभ्या होत्या. “आन् आमी त्याला दिवा दाखवत व्हताव,” त्या एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

घोडा हलत नव्हता. मला गंज वाटला होता, पण गंज नव्हता. आपल्या भागात खायला करडईचं तेल, आणि पुजायलाही तेच. करडईचं तेल हवेनं सुकतं, थरावर थर चढून त्याचं पिवळं रोगण होतं. दर खंडेनवमीचा एक थर, त्यात हळद, त्यात कुंकू, वर पुन्हा तेल. शंभराच्या वर नवम्या त्या घोड्यावर बसल्या होत्या. त्या रोगणानं घोडा जागीच थिजवला होता, आणि त्याच रोगणानं खालचं लोखंडही राखलं होतं. मी स्पिरिटचा कापूस ठेवत गेलो, थोडं मऊ झालं की बांबूच्या काडीनं उचलत गेलो. पोलादाचं काहीही लावलं नाही. तीन आठवडे लागले. पट्टीवर पहिल्यांदा एक पंजा निघाला, मग मुकुट, मग आयाळ. कंपनीचा सिंह. कोरणाऱ्याच्या छिन्नीच्या रेघा इतक्या तीक्ष्ण होत्या की बोट फिरवलं तर लागाव्यात. किल्लारीच्या पिस्तुलावर मी काय पुसून टाकलं असेल ते त्या दिवशी मला कळलं.

घोड्याची हालचाल मी मोकळी केली नाही. पट्टी मुठीतून काढली नाही. घोड्याखालचं रोगण तसंच आहे.

मुठीच्या पितळी टोपीवर ठिपक्यांनी ठोकलेले दोन फारसी आकडे आहेत, २७. ते एखाद्या रिसाल्याचे, शस्त्रागाराचे की सावकाराच्या यादीचे, याचा शोध चालू आहे. मूठ मूळची अक्रोडाची, पण अर्ध्यातून मोडलेली. तिथं कुणा सुतारानं सागाचा तुकडा तिरप्या सांध्यानं बसवलाय आणि वर लोहारानं लोखंडी पट्टा आवळलाय. पुण्यातल्या एका जाणकारानं फोटो पाहून कळवलं की या दुरुस्तीमुळं नगाची किंमत निम्म्यावर आली. त्यांचं बाजाराचं ज्ञान खरं असेल. माझ्या लेखी या पिस्तुलाचा सगळ्यात मोलाचा भाग तो सांधा आहे. बर्मिंगहॅम-लंडनच्या कारागिरांनी केलेल्या अशा मुठी हजारोंनी आहेत. सागाचा हा तुकडा आमच्या सुतारानं बसवला, पट्टा आमच्यासारख्याच कुणा लोहारानं ताव देऊन आवळला, आणि पट्ट्यावरचे हातोडीचे घाव मला वडिलांच्या घावांसारखे दिसतात. ते पिस्तुल इथं वापरलं गेलं, इथं मोडलं, इथं सांधलं गेलं, याला दुसरा पुरावा लागत नाही.

घरात सांगतात की आजींच्या सासऱ्यांचे आजोबा मोमिनाबादच्या रिसाल्यात स्वार होते. कागद नाही. वहीत मी “घरात सांगतात” असंच लिहिलंय, आणि आजींचे शब्द त्यांच्या बोलीत जसेच्या तसे उतरवून घेतलेत. त्या वाचता येत नाही म्हणाल्या, म्हणून नातीनं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी दुरुस्ती सांगितली: स्वाराच्या घोडीचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं.

माझ्यानंतर या सगळ्याचं काय, हा विचार आता येतो. तेर गावचे रामलिंगप्पा लामतुरे आठवतात. व्यापारी माणूस. तेरच्या पांढरीत पावसाळ्यात उघडे पडणारे सातवाहनकाळचे मणी, मूर्ती, नाणी त्यांनी जमवली, लोकांकडून घेतली, राखली. तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात तेरलाच आहे. पुण्यामुंबईला जाऊन तेरच्या वस्तू बघाव्या लागत नाहीत. माझी चार पिस्तुलं त्यापुढं काहीच नाहीत, पण त्यांनाही जिल्ह्यातच जागा मिळावी, वहीसकट मिळावी, एवढ्यासाठी मी अर्ज केलेला आहे.

तुमच्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, कोठीत असं काही असेल तर पाच गोष्टी ऐका. चाप ओढू नका. ते भरलेलंच आहे असं समजा आणि निरांजन, विडी, काडेपेटी त्याच्यापासून लांब ठेवा. पॉलिश पेपर लावू नका, गंजाखाली नाव असतं. पोलिसांना लेखी कळवा, घाबरू नका. आणि भंगारवाल्याच्या काट्यावर टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा, हे कुणाचं होतं ते विचारा, आणि ती सांगतील ते त्याच दिवशी लिहून काढा.